लेकीच्या अंगणातला मेपल

अमेरिकेहून परत आल्यापासून ज्या गावी जावे तिथे मंडळी विचारतात, "साहेब, तिकडची शेती कशी काय?" त्यांना वाटते, मी आता शेकडो एकरांच्या वावरांची आणि घराएवढ्या ट्रॅक्टरांची वर्णने करीन. ती यंत्रे मी पाहिली, तीही रस्त्यावरून जाताना. परंतु सहा महिन्यांच्या मुक्कामात मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो एका शोभेच्या झाडापाशी. त्या झाडाला ना खाण्याजोगे फळ, ना त्याची वैरण होते, ना घराला वासा निघतो. तरीही त्याच्या बुंध्याशी जे पाहिले ते आपल्या संत्र्याच्या, आंब्याच्या आणि डाळिंबाच्या बागांत रोज उपयोगी पडावे असे आहे. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, आज त्या झाडाची हकिकत सांगतो.

नातवाचे झाड

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि नोकरीची बहुतेक वर्षे वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात काढली. थोरली लेक लग्नानंतर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहावयास गेली. २०१६ साली तिला मुलगा झाला. रिवाजाप्रमाणे आम्ही दोघांनी त्या वेळी जावयास हवे होते. पण माझी आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला सोडून निघणे शक्य नव्हते. लेक तेव्हा फोनवर काही बोलली नाही. पुढे केव्हातरी तिने सांगितले, की बाळाला दवाखान्यातून घरी आणले त्याच आठवड्यात जावईबापूंनी अंगणात एक मेपल लावून घेतला. "घरात वडीलधारं कुणी नव्हतं बाबा, म्हटलं झाड तरी असू दे," हे तिचे शब्द.

२०२१ साली आई गेली. २०२३ च्या मे महिन्यात रजा घेऊन सौ. आणि मी न्यू जर्सीला पोहोचलो. नातू सात वर्षांचा झाला होता आणि झाडही तेवढेच. नातू चांगला खेळकर, पण झाडाची रया गेलेली. एका बाजूला गर्द लालसर पाने, तर दुसऱ्या बाजूच्या फांद्या निम्म्या वाळलेल्या. उरलेल्या काड्यांवर रुपयाएवढी बारीक पाने. हिरवळ कापावयास येणाऱ्या माणसाने सल्ला दिला होता, की हे आता जगत नाही, काढून टाका, दुसरे लावून देतो. जावईबापूंनी दिवसही ठरवला होता. लेकीने तो पुढे ढकलला, "बाबा येऊन पाहतील, मग ठरवू."

एका बापाला यापेक्षा मोठी जबाबदारी कोणती असणार? जी माणसे तिच्या अडीनडीला पोहोचू शकली नाहीत, त्यांच्या जागी उभे केलेले ते झाड होते.

हे झाड कोणते?

मेपलच्या जाती पुष्कळ आहेत. कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ सालापासून ज्याचे पान आहे तो मेपल आपल्याला चित्रातून माहीत असतो. त्याच देशात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात साखरेचा मेपल असतो. हिवाळा सरताना त्याच्या खोडाला भोक पाडून रस काढतात आणि तो आटवून पाक करतात. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो. आपल्या गुऱ्हाळवाल्याने हे ऐकले तर तो कपाळाला हात लावील.

लेकीच्या अंगणातला मेपल मात्र जपानी. तो मूळचा जपान-कोरियाकडचा. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग डच कंपनीचा डॉक्टर म्हणून १७७५ साली जपानात गेला. त्याने १७८४ साली या झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ पंजासारख्या पानांचा मेपल. पान पाहावे तर खरोखर लहान मुलाचा पसरलेला पंजा. जपानी लोकांना मात्र त्यात बेडकाचा हात दिसला, आणि त्यांच्या भाषेत मेपलचे एक नाव त्यावरूनच पडले. पानगळीच्या आधी ही झाडे लाल होतात तेव्हा घरदार बंद करून माणसे डोंगरात ती पाहावयास जातात. आपण आवळीभोजनाला जातो त्यातलाच प्रकार.

शेकडो वर्षे निवड करून त्यांनी या एका झाडाच्या हजारावर जाती केल्या आहेत. कुणाची पाने कातरलेल्या झालरीसारखी, कुणाची साल हिवाळ्यात पोवळ्यासारखी लाल, कुणी छत्रीसारखे खाली झुकलेले. लेकीकडे आहे ती 'ब्लडगुड' नावाची जात. तिची पाने वसंतापासून काळपट लाल असतात आणि पानगळीच्या वेळी भडक लाल होतात. या जाती बियांपासून तशाच्या तशा येत नाहीत, म्हणून साध्या हिरव्या मेपलच्या रोपावर कलम बांधतात. आपण जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो तसेच. आणि आपल्यासारखीच काळजीही घ्यावी लागते: कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तो हिरव्या पानांचा, खुंटाचा असतो. तो वेळीच मोडावा. नाहीतर खुंट जोमाने वाढतो आणि कलम उपाशी मरते.

दुखणे कुठे होते?

आजारी झाड पाहताना मी पानांपासून सुरुवात करतो, पण पानांवर थांबत नाही. मेपलला एक वाईट मर रोग होतो. मातीतील व्हर्टिसिलियम नावाची बुरशी मुळांतून शिरते आणि पाण्याच्या नळ्या बंद करते. एकेक फांदी अशीच वाळत जाते. हीच बुरशी वांगी, टोमॅटो आणि बटाट्यालाही लागते. लागलेल्या झाडाला औषध नाही. म्हणून आधी ती शंका फेडणे भाग होते. सुकत चाललेली एक फांदी कापून तिची साल चाकूने सोलली. हा रोग असेल तर आतल्या लाकडात बहुधा हिरवट-करड्या रेघा दिसतात. लाकूड स्वच्छ होते. जीव थोडा भांड्यात पडला.

मग माती. तिथे प्रत्येक जिल्ह्यात विस्तार कार्यालय असते, हे मला माहीत होते. आपली कृषि विद्यापीठे ज्या धर्तीवर निघाली, त्या तिकडच्या विद्यापीठांना १८६२ च्या कायद्याने जमिनी मिळाल्या आणि १९१४ च्या कायद्याने विद्यापीठाचे ज्ञान शेतकऱ्याच्या बांधावर नेणारे विस्तार खाते उभे राहिले. आपल्याकडे राष्ट्रीय विस्तार सेवा १९५३ साली सुरू झाली, तिचाच मी एक शिपाई. तेव्हा भाऊबंदाच्या घरी जावे तसा मी त्या कार्यालयात गेलो. मातीचा नमुना त्यांच्यामार्फत रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवला. सामू ६.१ आला. मेपलला किंचित आम्ल जमीन मानवते, म्हणजे मातीचा दोष नव्हता. पाण्याचीही ओरड नव्हती. न्यू जर्सीत वर्षाला सुमारे ४५ इंच पाऊस पडतो आणि तो बाराही महिने वाटून पडतो. आपल्यासारखा चार महिन्यांत बरसून आठ महिने पाठ फिरवीत नाही.

दुखणे सापडले ते आमच्या सौ.ना. त्या शेतकऱ्याच्या घरच्या. सकाळी चहाचा पेला हातात घेऊन त्या झाडाकडे पाहत उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, आपल्या आंब्याला खाली पाय फुटलेले दिसतात. हे झाड खांबासारखं सरळ मातीत गेलंय. याचे पाय कुठे गेले?"

अगदी नेमके बोलल्या. निरोगी झाडाचे खोड जमिनीशी आले की रुंदावते आणि तिथून मुळे चहूकडे पसरतात. ही जागा उघडी असावी लागते. खोडाच्या सालीला हवा हवी, मुळाच्या सालीला माती. खोडाची साल सतत ओल्या मातीत राहिली तर ती कुजते, आणि वर चढवलेल्या मातीत नको तिथे मुळे फुटतात. त्या देशात झाडाभोवती लाकडाच्या सालींचा भुसा आच्छादन म्हणून पसरतात. पद्धत चांगली आहे, त्याने ओल टिकते आणि तण येत नाही. पण दर वसंतात जुन्यावर नवा भुसा ओतून खोडाभोवती वारुळासारखा ढीग करण्याची तिकडे सवयच पडून गेली आहे. लेकीच्या झाडाभोवती सात वर्षांचा असा ढीग साचला होता.

गळ्यातले दावे

नातवाला हाताशी घेतले. फावड्याने वरचा भुसा बाजूला केला, मग खुरप्याने आणि शेवटी हातांनी माती उकरली. मुळे दुखावू नयेत म्हणून घाई केली नाही. सहा इंच भुसा आणि त्याखाली चार इंच माती काढल्यावर खोडाचा रुंद भाग दिसला. तिथेच सगळा उलगडा झाला. अंगठ्याएवढी जाड तीन मुळे खोडाभोवती गोल फिरलेली होती. त्यांतल्या एकाने सालीत चक्क खाच पाडली होती, आणि ती खाच वाळत चाललेल्या फांद्यांच्याच बाजूला होती.

असे का होते? रोप रोपवाटिकेत कुंडीत वाढते. मूळ कुंडीच्या भिंतीला लागते, पुढे वाट मिळत नाही म्हणून गोल फिरते. लावताना तो वेटोळा सोडवला नाही तर जमिनीत गेल्यावरही मूळ त्याच वळणाने जाते. चार दिशांना मोकळी माती असली तरी त्याला कुंडीचीच सवय. पहिली चार-पाच वर्षे काही कळत नाही. मग खोड जाड होते, मूळही जाड होते आणि दोघांची गाठ पडते. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली मुळांकडे जाते. तो रस्ता आवळला की त्या बाजूची मुळे उपाशी राहतात, आणि मुळे अशक्त झाली की वरची फांदी सुकते.

नातवाला हे कसे सांगावे? त्याला मी आपल्या गोठ्यातली गोष्ट सांगितली. वासराच्या गळ्यात दावे बांधतात. वासरू मोठे होते, दावे मात्र तेवढेच राहते. धन्याने वेळच्या वेळी ते सैल केले नाही तर दावे कातडीत रुतते. पोराने लगेच विचारले, "मग आजोबा, आपण दावं कापायचं का?"

कापायचे, पण सगळे एकदम नव्हे. झाड आधीच अशक्त. तीन मुळे एका दिवशी तोडली तर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे पाणीच तुटेल. म्हणून मे महिन्यात फक्त बुंधा उघडा केला आणि उघडाच ठेवला. सप्टेंबरात ऊन उतरल्यावर सर्वांत जास्त रुतलेले मूळ पटाशीने दोन ठिकाणी तोडले. खोडाच्या सालीला धक्का न लावता मधला तुकडा सोडवून घेतला. पंधरा दिवसांनी दुसरे तोडले. तिसरे पुढच्या मार्चसाठी ठेवले आणि ते काम जावईबापूंकडे सोपवले. कुठे पटाशी धरायची ते खडूने खूण करून दाखवले.

पाणी, खत आणि सिकेटर

मधल्या उन्हाळ्यात जे केले तेही सांगतो, कारण मेपलची निगा म्हणतात ती हीच.

पाणी रोज शिंपडले नाही. मेपलची मुळे उथळ आणि तंतूंसारखी असतात. रोजच्या शिंतोड्याने ती आणखी वर येतात. पाऊस आला नाही त्या आठवड्यात एकदा, सकाळी, नळी मंद सोडून वीतभर खोल ओल जाईल असे पाणी दिले. तेही बुंध्याशी न देता फांद्यांच्या घेराखाली. जुलैत तिथेही पारा ३२-३३ अंशांवर जातो. दुपारचे ऊन आणि कोरडा वारा एकदम आला की जपानी मेपलची पाने कडेने करपतात. म्हणून हे झाड लावताना सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी, असे तिकडचे जाणकार सांगतात. लेकीचे झाड घराच्या पूर्वेला होते, एवढे एक बरे होते.

आच्छादन पुन्हा घातले, पण दोन ते तीन इंच जाडीचे आणि खोडापासून चार बोटे दूर. ढीग नव्हे, ताटाची कड असावी तसे गोल कडे.

खत एक मूठभरही घातले नाही. हिरवळीसाठी आणलेला नत्राचा पोता पाहून जावईबापूंनी विचारले होते, थोडे टाकू का? त्यांना म्हटले, आजाऱ्याला आधी पेज, पुरणपोळी मागाहून. मुळे दुबळी असताना नत्र दिले तर वर कोवळी पाने येतील आणि त्यांना पाणी पुरवता पुरवता झाड थकेल.

सिकेटर फक्त वाळलेल्या काड्यांवर चालवली. मेपलची हिरवी फांदी हिवाळा संपताना, रस चढू लागला असता कापू नये. जखमेतून पाण्यासारखा रस गळत राहतो. आकार द्यावयाचा तर झाड पूर्ण झोपेत असताना किंवा पाने पक्की झाल्यावर उन्हाळ्यात. कापही फांदीच्या बेचक्यातील फुगीर कडे राखून घ्यावा, म्हणजे जखम लवकर भरते.

आणि रानडुकरांनी हैराण झालेल्या माझ्या शेतकरी बंधूंना एक ऐकून बरे वाटेल. तिथे हरणे थेट अंगणात येतात. शरद ऋतूत नर हरीण शिंगे घासून कोवळ्या झाडाची साल सोलून काढते. म्हणून ऑक्टोबर लागण्यापूर्वीच खोडाभोवती तारेची जाळी उभी केली. राखण कुणालाच चुकलेली नाही.

लाल रंग येतो कुठून?

ऑक्टोबरच्या अखेरीस झाडाची निरोगी बाजू पेटल्यासारखी दिसू लागली. रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहत. त्या रंगामागचे शास्त्र सोपे आहे. थंडीची चाहूल लागली की झाड पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील पोषण फांद्यांत आणि मुळांत साठवते. पानांत मुळापासून असलेला पिवळा रंग मग उघडा पडतो. लाल रंगाचे तसे नाही, तो बराचसा त्या वेळी नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन असेल तर पानात साखर होते, आणि रात्र गार असली की ती पानातच अडकते. त्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल द्रव्य बनते. जांभळाच्या सालीला आणि लाल कोबीला रंग देणारे द्रव्य याच कुळातले. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारी थंडी नाही, असे आठ-दहा दिवस मिळाले की मेपल रंगतो. ढगाळ, पावसाळी हवा असली की फिका राहतो.

म्हणजे ज्या रंगासाठी माणसे हे झाड लावतात, तो रंग झाडाइतकाच हवेचाही असतो.

बियांचा डबा

मेपलच्या बीला पंख असतात. दोन बिया जोडीने येतात आणि वाळल्यावर भिंगरीसारख्या फिरत खाली पडतात. नातवाने एक डबा भरून गोळा केल्या आणि निघण्याच्या आठवड्यात माझ्यापुढे ठेवला. "आजोबा, या आपल्या गावाला लावा. मग माझं झाड तिकडेपण असेल."

त्याला नाही म्हणताना फार जड गेले. पण दोन कारणांनी नाही म्हणावे लागले. पहिले कारण कायद्याचे. परदेशातून बी किंवा रोप आणावयाचे तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. खिशात घालून आणण्याची ती वस्तू नव्हे. आपल्या शेतकऱ्याला याचे कारण वेगळे सांगावयास नको. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत आज कोणत्या बांधावर नाही? एखादे बी किंवा त्याबरोबर आलेली बुरशी काय करील ते आधी कळत नाही. जन्मभर इतरांना जे सांगत आलो, ते नातवाच्या प्रेमापायी मोडता येत नव्हते.

दुसरे कारण झाडाचे. या बीला उगवण्याआधी तीन-चार महिने ओलसर थंडी लागते आणि मोठ्या झाडालाही दर वर्षी हिवाळ्याची झोप लागते. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे हे झाड म्हणजे मासा वाळूत. हिमालयाच्या उतारांवर मेपलच्या काही जाती आहेत, त्यांना तिथली हवा आहे. काश्मीरचा चिनार मात्र मेपल नव्हे, पानाच्या सारखेपणामुळे तसा समज होतो इतकेच.

हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. हल्ली मोबाइलवर चित्रे पाहून निळ्या, जांभळ्या, सप्तरंगी मेपलचे बी मागवले जाते. आमच्या तालुक्यातील एका होतकरू तरुणाने असेच पैसे घालवले. पाकिटातून भलतेच बी निघाले. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेही नाही. आणि कलमाने टिकवलेल्या जातीचे बी पेरले तरी ते आईसारखे येईलच असे नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळतो का? तसेच ते.

नातवाचे बी मात्र वाया गेले नाही. ओल्या वाळूत मिसळून, पिशवीत घालून, त्यावर तारीख लिहून ते आम्ही लेकीच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवले. फेब्रुवारीत काढून कुंडीत पेरावयाचे, हे त्याला पाठ करून दिले.

आपल्या अंगणात काय लावावे?

मेपलसारखी लाल पानांची हौस असेल तर आपल्याकडे कुसुंब आहे. काही भागांत त्याला कोशिंब म्हणतात. फाल्गुन-चैत्रात, सारे रान करपलेले असताना, त्याला जी तांबडीलाल पालवी येते ती पाहून मेळघाटातून जाणारा माणूस गाडी थांबवतो. मेपल पाने टाकताना लाल होतो, कुसुंब पाने फुटताना. रंग देणारे द्रव्य तेच. कोवळ्या पानाला ते कडक उन्हापासून सांभाळते. पुढे पाने हिरवी होतात आणि भर उन्हाळ्यात गार सावली मिळते. बियांचे तेल निघते, फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात. वाढ सावकाश, पण उन्हाला आणि दुष्काळाला दाद न देणारे झाड. मोठे होते, म्हणून घराच्या भिंतीपासून पंचवीस-तीस फूट दूर लावावे. पावसाळ्याच्या तोंडावर फळे पिकतात, तेव्हाचे ताजे बी लगेच पेरावे.

मग ते कुसुंब असो, आंबा असो की संत्रा, लावताना मेपलने शिकवलेले ध्यानात ठेवा.

रोप घेताना नुसता शेंडा पाहू नका, पिशवीच्या तळाशी हात लावून पाहा. मुळांचा वेटोळा झाला असेल तर ते रोप घेऊ नका. घेतलेच असेल तर पिशवी फाडून वेटोळा हाताने मोकळा करा, न सुटणारे मूळ धारदार चाकूने छाटा. खड्डा खोल हवा, परंतु रोप खोल नको. पिशवीतील मातीची पातळी आणि वावराची पातळी एक ठेवा. कलमाचा डोळा जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे.

संत्र्याच्या बागा मी तीस वर्षे पाहत आलो. डिंक्याने गेलेल्या किती झाडांच्या बुंध्याशी मातीचा ढीग आणि साचलेले पाणी होते, ते मोजले तर बागाईतदाराची झोप उडेल. ओलाव्यात वाढणारी फायटोफ्थोरा बुरशी तिथूनच शिरते. म्हणून दुहेरी आळे करावे. आतले आळे कोरडे, पाणी बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो मलम लावावे. आणि वर्षातून एकदा तरी, उन्हाळ्यात काम कमी असते तेव्हा, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहावे. झाडाला पाय दिसतात की नाही? दिसत नसतील तर माती बाजूला करा. या कामाला ना औषध लागते ना अनुदान, फक्त खुरपे आणि वाकणारी कंबर लागते. घरातल्या बायामाणसांनाही विचारत चला. रोज पाणी घालणाऱ्या डोळ्याला जे दिसते ते वर्षातून दोनदा बागेत फिरणाऱ्या साहेबाला दिसत नाही.

लेकीच्या मेपलचे काय झाले ते सांगून आटोपते घेतो. दोन फांद्या गेल्याच, त्या काढाव्या लागल्या. त्यामुळे झाड आजही एका अंगाने थोडे रिकामे दिसते. पण २०२४ च्या मार्चमध्ये जावईबापूंनी खडूच्या खुणेवर तिसरे मूळ तोडले आणि एप्रिलच्या अखेरीस त्या रिकाम्या अंगाला हातभर नवे कोंब फुटले. पाने पुन्हा पंजाएवढी. झाड काढण्याचा विषय घरात कुणी परत काढला नाही. फ्रिजमधल्या बियांपैकी अकरा उगवल्या. नातवाने फोनवर जरा हिरमुसून सांगितले, "आजोबा, सगळी हिरवीच आली, लाल एकपण नाही."

त्याला म्हटले, "असू दे. ती तुझ्या हातची आहेत. पण एक कर, कुंडीत मुळं गोल फिरायच्या आत त्यांना जमिनीत लाव."